जुन्या संगीताचा शोध : देवगिरीचा ग्रंथ, बडोद्याची परिषद आणि पंचवटीचा आश्रम

१

सिन्नरचे गोंदेश्वराचे मंदिर यादवकालीन वास्तुकलेचा नमुना म्हणून आजही उभे आहे. त्याची मोजमापे घेता येतात, शिल्पांची नोंद करता येते, कालनिर्णयाविषयी वाद घालता येतो. त्याच यादवांच्या राज्यात जे संगीत गायिले आणि वाजविले जात होते, त्याची मात्र अशी एकही शिळा उरलेली नाही. स्वर उमटतो आणि विरतो. त्याच्या मागे राहते ती दोन प्रकारची सामग्री : एक, त्याविषयी कोणी लिहून ठेवलेला ग्रंथ, आणि दुसरी, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरत आलेली विद्या. पहिलीला जुन्या शास्त्रकारांनी लक्षण म्हटले, दुसरीला लक्ष्य. ही दोन्ही साधने एकमेकांशी जुळतात तेथे इतिहासकाराचे काम सोपे होते. ती जुळत नाहीत तेथे कोणते खरे मानावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या तीव्रतेने विचारला गेला. परिषदा भरल्या, व्याख्याने झाली, प्रात्यक्षिके झाली, विद्यालये निघाली. आपले जुने संगीत कोणते, ते कोठे शोधावयाचे आणि लोकांपुढे कोणत्या रूपाने मांडावयाचे, हा या सर्व खटाटोपाचा विषय होता. या इतिहासाशी नाशिक परिसराचा संबंध दोन टोकांनी येतो. ज्या ग्रंथाभोवती हा वाद फिरत राहिला तो ज्या राजवंशाच्या आश्रयाने लिहिला गेला, त्या वंशाचा उदय नाशिक जिल्ह्यात झाला. आणि या चळवळीच्या दोन अग्रणींपैकी एकाने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे पंचवटीत घालविली. या दोन टोकांमधील मार्गाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

यादवांचा मूळ प्रदेश सेऊणदेश. या घराण्याची आरंभीची ठाणी चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड, आणि सिन्नर ही होत. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरी ही राजधानी केली आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघणाच्या कारकिर्दीत हे राज्य वैभवाच्या शिखरावर पोचले. या सिंघणाच्या पदरी श्रीकरणाधिपती, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख, म्हणून शार्ङ्गदेव काम करीत होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला आणि बाप सोढल यादवांच्या सेवेत चढला. हिशेब तपासणाऱ्या या अधिकाऱ्याने रचलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीतशास्त्रातील आधारभूत ग्रंथ ठरला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांत त्याने तत्पूर्वीच्या सर्व शास्त्रकारांचे मत एकत्र केले. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील दोन्ही परंपरा या ग्रंथाला प्रमाण मानतात, हे त्याचे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एवढा तपशीलवार ग्रंथ हाती असूनही त्यावरून त्या काळचे गायन पुन्हा उभे करता येत नाही. याचे कारण ग्रंथाच्या रचनेतच आहे. शार्ङ्गदेव सप्तकाच्या बावीस श्रुती सांगतो आणि त्या सिद्ध करण्यासाठी दोन वीणांचा प्रयोगही देतो : एक वीणा स्थिर ठेवावयाची, दुसरीच्या तारा क्रमाक्रमाने उतरवीत जावयाच्या, आणि दोहींतील अंतर कानाने ओळखावयाचे. प्रयोगाची कसोटी कान हीच आहे. तारेची लांबी किंवा अन्य एखादे माप त्यात दिलेले नाही. ज्या कानांनी ती अंतरे ओळखली ते कान नाहीसे होताच मोजपट्टीही नाहीशी झाली. शिवाय षड्जग्राम आणि मध्यमग्राम या ज्या व्यवस्थेवर सर्व राग बसविले होते, ती व्यवस्थाच पुढे प्रचारातून गेली. सोळाव्या शतकात रामामात्याने 'स्वरमेलकलानिधि' लिहिला तेव्हा रागांचे वर्गीकरण मेलांवरून होऊ लागले होते. त्याच शतकात कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल नाशिकच्या शेजारच्या खानदेशात, बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयाने 'सद्रागचंद्रोदय' लिहीत होता. दक्षिणेची पद्धती जाणणाऱ्या या पंडिताला उत्तरेचे गायन ऐकावयास मिळाले आणि दोहोंची सांगड घालण्याचा त्याने यत्न केला. देवगिरीहून बुऱ्हाणपूर फार दूर नाही. परंतु शार्ङ्गदेव आणि पुंडरीक यांच्यामधील तीन शतकांत संगीताची भाषाच बदललेली दिसते.

हा बदल प्राचीनांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. पंधराव्या शतकात विजयनगरच्या राज्यात 'संगीतरत्नाकरा'वर टीका लिहिणाऱ्या कल्लिनाथाला मूळ ग्रंथातील लक्षणे आणि आपल्या काळचा प्रचार यांत विरोध दिसला, आणि देशी संगीत हे लोकरुचीने चालणारे असल्यामुळे तेथे नियमाचे बंधन शिथिल असते, अशा आशयाचे समाधान त्याला द्यावे लागले. लक्ष्य आणि लक्षण यांतील फट अशी पाच शतकांपूर्वीच नोंदली गेली होती. विसाव्या शतकातील वादाला नवेपणा आला तो दुसऱ्या एका कारणाने. १८७९ मध्ये कलकत्त्यास या ग्रंथाचा आरंभीचा भाग छापला गेला आणि १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने कल्लिनाथाच्या टीकेसह संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. आतापर्यंत पोथीत राहिलेला ग्रंथ इंग्रजी शिकलेल्या वकिलांच्या, शिक्षकांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर आला. हे लोक वाचणारे होते, परंतु बहुधा गाणारे नव्हते. गाणारे होते त्यांपैकी बहुतेकांना संस्कृत येत नव्हते. लक्षण एका वर्गाच्या हाती आणि लक्ष्य दुसऱ्या वर्गाच्या गळ्यात, अशी ही विभागणी होती.

३

या दोन वर्गांना एका मांडवाखाली आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे मार्च १९१६ मध्ये बडोद्यास भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद होय. तिला सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता आणि तिचे सूत्रधार पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. बडोद्यास अशा कार्याची पार्श्वभूमीही होती. मौलाबक्षांच्या हाताखाली तेथे १८८६ पासून गायनशाळा चालू होती. परिषदेचे स्वरूप त्या काळी अपूर्व होते. संगीतशास्त्रावर निबंध वाचले जावेत, त्यांवर चर्चा व्हावी, वादग्रस्त मुद्द्यावर जाणत्या गायकवादकांनी प्रत्यक्ष गाऊन वाजवून दाखवावे आणि मैफलीत तीच विद्या श्रोत्यांनी ऐकावी, अशी ही योजना होती. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे १९१८ ते १९२५ या काळात भरलेल्या परिषदा याच आराखड्याने चालल्या, आणि लखनौच्या परिषदांतूनच १९२६ चे मॅरिस महाविद्यालय निघाले.

बडोद्याच्या परिषदेत श्रुतींचा प्रश्न निघणे अपरिहार्य होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची गणिती मांडणी प्रसिद्ध केली होती आणि मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी तिचा पुरस्कार केला होता. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा त्यांना या कामी उपयोग झाला. या श्रुती दाखविणारा एक हार्मोनियम विलायतेत तयार करण्यात आला. कल्पना आकर्षक होती : जे कानाने हरवले ते गणिताने परत मिळवावयाचे आणि पट्टीवर कायमचे बसवून टाकावयाचे. परंतु पट्टीवर बसविलेला स्वर एका ठिकाणी स्थिर राहतो, आणि गाणाऱ्याचा कोमल गांधार रागाप्रमाणे, संगतीप्रमाणे, आरोहावरोहाप्रमाणे किंचित हलतो. शार्ङ्गदेवाच्या श्रुती या पेटीत आहेत असे सिद्ध करावयाचे तर आधी शार्ङ्गदेवाचे शुद्ध सप्तक कोणते हे निर्विवाद ठरावयास हवे होते, आणि ते ठरलेले नव्हते. गणित अचूक असूनही सिद्धता अपुरी राहिली ती यामुळे.

भातखंड्यांनी या परिषदेत उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा जो आढावा घेतला, त्याचे महत्त्व येथे आहे. त्यांनी दक्षिणेत आणि उत्तरेत प्रवास करून ग्रंथ गोळा केले होते, कित्येक स्वतः छापविले होते. ग्रंथांविषयी त्यांना अनादर असण्याचे कारण नव्हते. तरीही आजचे राग रत्नाकराच्या लक्षणांनी समजावून देता येत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट मांडले. चालू प्रचार हाच आधार धरावा, त्याचे नियम शोधावेत आणि जे ग्रंथ त्याला जवळचे असतील तेवढ्यांचा उपयोग करावा, ही त्यांची भूमिका होती. १९१० च्या आपल्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' असे नाव दिले, यातच तिचे सार आले. आपल्या संगीताला वेदकाळापर्यंत मागे नेण्याची हौस असलेल्या पिढीला हे ऐकणे सुखाचे नव्हते. आपल्या इतिहासाविषयी अप्रिय ते मान्य करावयास लावणे, हे त्या परिषदेचे सर्वांत मोलाचे कार्य मानावे लागेल.

याच सुमारास युरोपातही जुन्या संगीताचा शोध चालला होता, आणि त्याच्याशी तुलना केल्यास आपल्याकडील प्रश्नाचे वेगळेपण ध्यानात येते. आर्नल्ड डोल्मेच या वाद्यकाराने ल्यूट, क्लॅव्हिकॉर्ड, रेकॉर्डर अशी मागे पडलेली वाद्ये पुन्हा घडविली, सतराव्या-अठराव्या शतकांतील वादनपद्धतीवर १९१५ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १९२५ मध्ये इंग्लंडातील हॅसलमियर या गावी जुन्या संगीताचा वार्षिक महोत्सव सुरू केला. डोल्मेचपुढे स्वरलिपीत लिहिलेल्या रचना होत्या. हरवली होती ती त्या वाजविण्याची रीत. भातखंड्यांपुढे जिवंत रीत होती. नव्हत्या त्या जुन्या काळी लिहून ठेवलेल्या रचना. एकाला कागदावरून नाद मिळवावयाचा होता, दुसऱ्याला नादावरून कागद तयार करावयाचा होता. दोघांच्या कार्याला पुनरुज्जीवन हे एकच नाव देणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरेल.

४

दुसरा मार्ग पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे जन्मलेले विष्णु दिगंबर हे एका कीर्तनकाराचे पुत्र. लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली आणि नेहमीचे शिक्षण खुंटले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी ग्वाल्हेरची गायकी घेतली, १८९६ मध्ये मिरज सोडली आणि सौराष्ट्रात जाहीर मैफल करून राजवाडा आणि देऊळ यांच्या बाहेरही संगीताला श्रोता आहे हे दाखविले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही शाळा होती. १९०८ मध्ये कार्य मुंबईस आले, मोठी इमारत उभी राहिली, विद्यार्थी वाढले आणि कर्जही वाढले. अखेर ती इमारत लिलावात गेली. त्यानंतर विष्णु दिगंबरांचे वास्तव्य मुख्यतः नाशिकला, पंचवटीतील रामनाम आधाराश्रमात राहिले.

या स्थलांतराकडे संगीताच्या इतिहासात बहुधा एका पराभूत पर्वाचा शेवट म्हणून पाहिले जाते. गुरूने राग सोडून रामनाम धरले, असे त्याचे वर्णन होते. हे वर्णन अपुरे आहे. विष्णु दिगंबर नाशिकच्या काळात तुलसीरामायणावर प्रवचने करीत आणि त्यांत गायनाची जोड देत. निरूपण आणि गायन यांचा हा मिलाफ त्यांना घरातूनच मिळालेला होता. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखादे पद घेऊन तात्त्विक विवेचन होते, उत्तररंगात आख्यान लागते, आणि दोहोंच्या आधाराला राग, ताल, साकी, दिंडी येत राहतात. व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि मैफल ही तीन अंगे बडोद्याच्या परिषदेने आधुनिक पद्धतीने एकत्र आणली. कीर्तनात ती आधीपासून एकत्र नांदत होती. चैत्रातील रामनवमीच्या उत्सवास काळाराम मंदिराच्या परिसरात जमणाऱ्या भाविकाला या प्रकारच्या श्रवणाची शिकवण कोणी मुद्दाम द्यावी लागत नव्हती. परिषदेचा श्रोता निमंत्रित होता, कीर्तनाचा श्रोता सवयीचा होता. विष्णु दिगंबरांनी नाशिकमध्ये संगीत सोडले नाही, त्यांनी त्याच्यासाठी जुनी बैठक पुन्हा मांडली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

ग्वाल्हेर परंपरेच्या चिजा हे त्यांच्या दृष्टीने जुने संगीत होते. त्या टिकाव्यात म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली. ज्याची स्वतःची दृष्टी अधू झालेली होती त्या गायकाने आयुष्यभर संगीत कागदावर उतरविण्याचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट चिंतनीय आहे. त्यांच्या लिपीत मात्रा, अर्धमात्रा, पावमात्रा यांना वेगवेगळी चिन्हे होती. भातखंड्यांची लिपी त्या मानाने सुटसुटीत होती आणि वाचणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर अधिक भरवसा ठेवीत होती. भातखंड्यांची पद्धती नियम दाखविण्यास सोयीची आणि पलुसकरांची शिकविण्याचा तपशील जपण्यास सोयीची, असा हा भेद सांगता येईल.

५

या दोन्ही मार्गांच्या यशाबरोबर त्यांची किंमतही नोंदविली पाहिजे. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांतील चिजा रामपूर, जयपूर, ग्वाल्हेर आणि अन्य ठिकाणच्या घरंदाज गायकांकडून आलेल्या होत्या. जयपूरच्या मुहंमद अली खाँसारख्यांनी आपल्या घरचा साठा त्यांना दिला. छापील पानावर चीज आली की ती सर्वांची झाली, हा लाभ मोठा आहे. परंतु एकाच चिजेची घरोघरी असलेली निरनिराळी रूपे मागे पडून छापलेले एक रूप प्रमाण ठरले, आणि विद्या देणाऱ्याच्या नावापेक्षा विद्या छापणाऱ्याचे नाव विद्यार्थ्याच्या तोंडी राहिले. विष्णु दिगंबरांचा हेतू संगीत सभ्य गृहस्थांच्या घरात, मुलींच्या शिक्षणात नेण्याचा होता. त्यासाठी शृंगारपर शब्द गाळून भक्तिपर शब्द घालण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. समाजाने संगीताला दार उघडले यात या मार्गाचा मोठा वाटा आहे. मात्र ज्या कलावंतिणींनी ती शृंगाराची पदे पिढ्यानुपिढ्या सांभाळली होती त्यांना त्या दारातून आत घेतले गेले नाही. जुने जतन करताना जुन्याचीच निवड होते, आणि निवडीत कोणीतरी वगळले जाते.

दारांचा हा प्रश्न पंचवटीत त्याच काळी अक्षरशः उभा होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे अनेक वर्षे चालविला. ज्या रामाच्या नावाने आश्रम चालत होता त्याच रामाच्या दर्शनासाठी हजारो लोक बंद दरवाजासमोर उभे होते. परंपरा सर्वांची आहे असे म्हणताना 'सर्व' या शब्दात कोण येते, हा प्रश्न या सत्याग्रहाने नाशिकमध्ये विचारला. संगीताच्या इतिहासकारालाही तो टाळता येत नाही.

६

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे विष्णु दिगंबरांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास विद्यालय काढले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात आधीच रुजले होते. वडिलांच्या मृत्यूसमयी अवघ्या दहा वर्षांचे असलेले दत्तात्रेय विष्णु पलुसकर विनायकराव आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिकले आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, ऐन तारुण्यात, निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून ग्वाल्हेरची ती गायकी आज ऐकावयास मिळते. शार्ङ्गदेवाला आणि डोल्मेचच्या संगीतकारांना जे साधन उपलब्ध नव्हते, ते येथे प्रथमच इतिहासाच्या हाती आले.

या परंपरेची एक शाखा मात्र अनपेक्षित ठिकाणी पोचली. विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी स्वातंत्र्योत्तर काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन उभे केले. त्यांच्या शिष्या प्रेमलता शर्मा यांनी तेथेच संगीतशास्त्राचा विभाग वाढविला, आणि रा. कृ. शृंगी यांच्यासह 'संगीतरत्नाकरा'चा सटीप इंग्रजी अनुवाद हाती घेतला; त्याचा पहिला खंड १९७८ मध्ये आणि दुसरा १९८९ मध्ये निघाला. ज्या ग्रंथाचा प्रचाराशी मेळ बसत नाही म्हणून १९१६ मध्ये तो बाजूला ठेवावा लागला, तोच ग्रंथ गाणाऱ्यांच्या परंपरेत वाढलेल्या विदुषीने पुन्हा उघडला. आता त्याच्याकडून आजच्या रागांचे प्रमाणपत्र मागण्याचे कारण उरले नव्हते. तेराव्या शतकाविषयी तो काय सांगतो एवढेच त्याला विचारावयाचे होते.

यावरून संशोधकाला घेता येण्यासारखा बोध पुष्कळ साधा आहे. जुने संगीत नावाची एकसंध वस्तू कोठे पुरलेली नाही. ग्रंथाचा काळ वेगळा, ग्रंथावरील टीकेचा वेगळा, घराण्यात चालत आलेल्या चिजेचा वेगळा आणि ती चीज लिहून काढणाऱ्याचा वेगळा. म्हणून प्रत्येक चिजेला तीन प्रश्न विचारावे लागतात : ती कोणाच्या गळ्यातून आली, कोणी लिहिली, आणि लिहिताना तिच्यात काय बदलले. बडोद्याच्या परिषदेने पहिला प्रश्न विचारावयास शिकविले, गांधर्व महाविद्यालयाच्या लिपीने दुसऱ्याला उत्तर पुरविले. तिसऱ्याचे उत्तर अद्याप चिजेगणिक शोधावयाचे आहे. सिन्नरच्या मंदिराच्या भिंतीवर मागाहून बसविलेला दगड जाणत्याला ओळखता येतो. चिजेतील मागाहून बसविलेला शब्द ओळखण्याइतका कान आणि ग्रंथ यांचा एकत्र अभ्यास होईल, तेव्हा या इतिहासाचे पुढचे प्रकरण लिहिता येईल.